ऐकत नाही!

“मोत्या मुळीच ऐकत नाही!”

चार वर्षांपूर्वी गणपती गेल्यावर हे वाक्य आमच्या घरात शिरले, आणि दिवाळीपर्यंत दिवसातून दहा वेळा तरी ते कोणाच्या ना कोणाच्या तोंडून बाहेर पडत राहिले. पत्नीने ते स्वयंपाकघरातून म्हणावे, मुलीने अंगणातून म्हणावे आणि मी वर्तमानपत्राआडून म्हणावे. मोत्या म्हणजे आमचा कुत्रा. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भर पावसात कोणीतरी आमच्या फाटकाशी सोडून दिलेले पिल्लू. अंग कापसासारखे पांढरे, एक डोळा काळा आणि दुसरा निळा. मुलीने त्याला छत्रीखाली घेऊन आत आणले, आईने बशीत कोमट दूध ओतले, आणि नाव काय ठेवायचे हा प्रश्न निघण्यापूर्वीच तो मोत्या झाला.

नाव मिळाले, पण नावाला तो कधी जागला नाही. हाक मारावी तर मान वळवायची नाही. चप्पल पळवू नकोस म्हणून ओरडावे, तर चप्पल तोंडात धरूनच शांतपणे दुसरीकडे पाहत राहायचे. झोपेतून उठवायला जावे, तर दचकून चार पावले मागे उडायचे. शेजारी म्हणाले, “हट्टी दिसतोय. आत्ताच वळण लावा, नाहीतर डोक्यावर बसेल.” मी पडलो शिक्षक. वळण लावणे हा तर माझा पोटापाण्याचा उद्योग. मी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि तिचा उपयोगही केला. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा तरी केला. दर वेळी मोत्या अंग चोरून कोपऱ्यात बसे आणि थोड्या वेळाने शेपूट हलवीत परत येई. तेवढ्यावरून ‘समजले वाटते याला’ अशी मी स्वतःची समजूत घालून घेत असे.

नरकचतुर्दशीची पहाट झाली. अभ्यंगस्नाने आटोपली होती. आळीतली मुले फटाके लावीत होती आणि आळीतली कुत्री मिळेल तिथे दडली होती, कोणी जिन्याखाली, तर कोणी उभ्या मोटारीखाली. मोत्या मात्र ओसरीवर पुढच्या पंजांवर नाक टेकून झोपला होता. एवढ्यात फाटकापाशी कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. आवाज असा झाला की, माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला. मोत्याचा कानसुद्धा हलला नाही.

“बाबा, आपला मोत्या किती शूर आहे!” मुलगी टाळ्या पिटीत म्हणाली.

आईने मात्र हातातले फराळाचे ताट खाली ठेवले. ती मोत्याजवळ जाऊन बसली. त्याच्या डोक्यामागे तिने दोनदा टाळी वाजवली. मग माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, “अरे, याला ऐकू येत नाही.”

दीड महिना आम्ही सगळे ‘तो ऐकत नाही’ असे म्हणत होतो. वाक्य अक्षरशः खरे होते. त्याचा अर्थ तेवढा आम्ही भलताच लावला होता.

भाऊबीज झाल्यावर त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला, शिट्टी फुंकली आणि निळ्या डोळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “जन्मापासूनच बहिरा असणार. पांढऱ्या जनावरांत हे आढळते.” मग मी माझ्या सवयीप्रमाणे वाचन केले. पांढरा रंग, निळा डोळा आणि बहिरेपण यांचे नाते जुनेच ठाऊक आहे. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विननेही निळ्या डोळ्यांच्या मांजरांच्या बहिरेपणाची नोंद केलेली आहे. त्याचे कारण पुढे कळले. कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच पेशी आतल्या कानातही असतात. तिथे त्यांचे काम रंग देण्याचे नसते, कान जिवंत ठेवण्याचे असते. त्या नसल्या की, आतला नाजूक पडदा सुकतो आणि आवाज टिपणारे सूक्ष्म तंतू मरून जातात. पिल्लाचे कान जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात, आणि ही पडझड होते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे दार उघडते न उघडते तोच आतला दिवा मालवतो. ठिपक्याठिपक्यांच्या डाल्मेशियन कुत्र्यांत हे फार. अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रेन यांनी पाच हजारांहून अधिक डाल्मेशियन कुत्री तपासली, तेव्हा त्यांतली सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी, आणि जवळजवळ २२ टक्के एका कानाने बहिरी निघाली.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मन खट्टू झाले. असे पूर्ण बहिरे पिल्लू जन्मले, तर त्याला सुखाने मरण द्यावे, असा सल्ला त्या जातीची पैदास करणाऱ्यांत कित्येक वर्षे दिला जात असे. कारण काय, तर असे कुत्रे शिकवता येत नाही आणि दचकले की चावते. मोत्याला तोपर्यंत मी काहीच शिकवलेले नव्हते. मी फक्त ओरडलो होतो.

आपल्या भाषेची एक मोठी मौज आहे. कानाने ऐकणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे या दोन अगदी वेगळ्या क्रियांना आपण एकच क्रियापद वापरतो. मुलगा ऐकत नाही, सून ऐकत नाही, बैल ऐकत नाही. या वाक्यांत कानांचा काही संबंध नसतो. आपल्याला म्हणायचे असते की, तो आमच्या मनासारखे करीत नाही. रोजच्या व्यवहारात ही काटकसर सोयीची आहे, पण तिच्या पोटात एक अन्याय दडलेला आहे. ऐकू न येणे हे वैगुण्य आहे, न ऐकणे हा अपराध आहे, आणि आपल्या तोंडी दोन्ही एका शब्दात बसतात. मग वैगुण्याला अपराधाची शिक्षा मिळायला कितीसा वेळ लागणार?

महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, एका कुत्र्याची गोष्ट आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालले असता सरमा नावाच्या देवशुनीचे पिल्लू तिथे येते. जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, “तू काही अपराध केला असशील.” ते म्हणते, “मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही.” मग सरमा यज्ञमंडपात येऊन राजाच्या भावांना विचारते की, माझ्या निरपराध पोराला का मारलेत? त्यांच्यापाशी उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते की, ज्याची चाहूलही लागणार नाही असे भय तुमच्यावर येईल. पांडवांबरोबर स्वर्गाच्या वाटेवर चालणारा शेवटचा कुत्रा सर्वांना आठवतो, पण या पहिल्या कुत्र्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला ही गोष्ट मुलांना सांगताना मलाही नेहमी गहिवरून येई. सरमेच्या पिल्लाची गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती. वर्तमानपत्राची सुरळी टेबलावर पडलेली असे, तिच्याकडे पाहताना ती गोष्ट मला आठवू लागली.

मोत्याशी बोलायचे कसे, हा प्रश्न मुलीने सोडवला. मुलांना अशा कामात मोठ्यांची अडचणच होते. तिने पंधरा दिवसांत एक लिपी तयार केली. तळहात छातीशी नेला की ‘ये’. हात पुढे करून तळवा खाली दाबला की ‘बस’. पाच बोटांची चिमूट तोंडाशी नेली की ‘जेवायला चल’. अंगठा वर केला की ‘शाबास’. संध्याकाळी अंगणात हिंडणाऱ्या मोत्याला आत बोलवायचे, तर ओसरीवरचा दिवा दोनदा लावायचा आणि विझवायचा. सगळ्यांत महत्त्वाचा नियम उठवण्याचा. त्याच्या अंगाला एकदम हात लावायचा नाही. आधी हात नाकापुढे धरायचा, वासाने त्याची झोप चाळवू द्यायची आणि मग खांद्यावर एकाच ठरावीक जागी हलकेच थोपटायचे. आश्चर्य असे की, ज्याला आम्ही हट्टी म्हणत होतो, तो सातआठ खुणा महिनाभरात शिकला. माझ्या वर्गात याहून वेगाने शिकणारी मुले मी फार पाहिलेली नाहीत.

पण खरे शिक्षण मोत्याचे झाले नाही, आमचे झाले. आवाज ही मोठी आळशी वस्तू आहे. आवाजाने आपल्याला पाठ फिरवून हुकूम सोडता येतो. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि वर्तमानपत्राआडून अंगणात हुकमत चालवता येते. ज्याला सांगायचे, त्याच्याकडे पाहण्याचीही गरज पडत नाही. खुणेचे तसे नाही. मोत्याला काही सांगायचे तर मला उठावे लागते, त्याच्या समोर जावे लागते आणि तो माझ्याकडे पाहीपर्यंत थांबावे लागते. तो दुसरीकडे पाहत असेल, तर माझे सगळे शब्द माझ्यापाशीच राहतात. म्हणजे आमचे संभाषण मी सुरू करू शकत नाही, त्याने नजर दिली की मगच ते सुरू होते. घरात एवढा मान मी तोवर कोणाला दिला होता? पत्नी एकदा हसत म्हणाली, “माझ्याशीसुद्धा असं समोर येऊन बोलत जा की!” मी हसण्यावारी नेले, पण ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

जुन्या तबकड्यांवरचा तो प्रसिद्ध कुत्रा वाचकांना आठवत असेल. कर्ण्यापुढे मान वाकडी करून धन्याचा आवाज ऐकणारा. त्याचे नाव निपर. इंग्रज चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड याने ते चित्र काढले, त्यापूर्वी काही वर्षे, १८९५ सालीच, निपर मरण पावला होता. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध ‘ऐकणारा’ कुत्राही चित्रासाठी काही ऐकत बसलेला नव्हता! धन्याचा आवाज कुत्र्याला किती प्रिय असतो हे माणसाने आपल्या हौसेने रंगवले. कुत्र्याला धन्याचा चेहरा किती प्रिय असतो, हे मला मोत्याने दाखवले. दिवसभर तो माझा चेहरा वाचीत असतो. गोड आवाजात रागावण्याची आणि हसत हसत टोचून बोलण्याची माझी कला त्याच्यापुढे फुकट जाते. त्याला शब्द कळत नाहीत, आणि ज्या सुराआड मी लपतो तो सूरही कळत नाही. उरतात डोळे आणि कपाळावरच्या आठ्या. ती दोन्ही खरेच बोलतात.

एक गोष्ट मात्र घरात वादाची राहिली. आई त्याला अजून नावाने हाक मारते. रोज दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावला की, ती ओसरीवर येते आणि मोठ्याने म्हणते, “मोत्या, ये रे बाबा आत.” हाक मारून झाली की मग दिव्याचे बटण दोनदा दाबते. मी एकदा म्हणालो, “आई, त्याला ऐकू येत नाही. हाक कशाला मारतेस?”

“मला येतं ना ऐकू,” ती म्हणाली.

तिच्या या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. नाव हे हाक मारण्यासाठी असते, आणि हाक ओ मिळावी म्हणून असते, असे आपण धरून चालतो. मग ज्याला हाक पोहोचतच नाही, त्याला नाव कशाला? पण आपण किती तरी नावे ओ येणार नाही हे ठाऊक असताना घेतो. गेलेल्या माणसांची घेतो, देवाची घेतो. नावाने त्याला बोलावणे होते हे खरे, पण त्याचबरोबर तो आपला आहे हे आपण आपल्यालाच सांगत असतो. आईच्या हाकेने मोत्या येत नाही, दिव्याने येतो. पण त्या हाकेमुळे आई रोज दिव्यापर्यंत जाते. नुसती हाक मारून ती आत निघून गेली असती, तर ती तिची भाबडी माया झाली असती. हाकेमागून तिचा हात बटणाकडे जातो, म्हणून मला ती खरी वाटते. दत्ताच्या पायाशी असलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असे लहानपणी तिनेच मला सांगितले होते. वेदांना आपण श्रुती म्हणतो. आमच्या पायाशी बसलेल्या पाचव्याला श्रुती नाही, एवढाच काय तो फरक!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

पुढच्या मे महिन्यात शेजारच्या वहिनींचा पाच वर्षांचा भाचा सुट्टीला आला होता. भर दुपारी मोत्या ओसरीवर झोपला असताना तो पोरगा मागून आला आणि त्याने दोन्ही हातांनी त्याची शेपटी ओढली. मोत्या झोपेतच उसळला आणि त्याचा दात मुलाच्या मनगटाला लागला. ओरखडा छोटा होता, पण रक्त आले. आम्ही पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुतली आणि त्याला दवाखान्यात नेले. मोत्याला लस दिलेली होती, तरी मुलाची इंजेक्शने ठरल्या दिवशी पूर्ण केली. पोरगा चार दिवसांत सगळे विसरला. मोठी माणसे विसरली नाहीत.

“बहिरं कुत्रं भरवशाचं नाही,” वहिनी म्हणाल्या. “आज मनगट, उद्या तोंड.” त्यांच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. मूल त्यांचे होते. कोणी म्हणाले, पोत्यात घालून घाटापलीकडे सोडून या. पाळलेल्या जनावराला असे उपाशी मरायला सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याचा आधार घेऊन शेजारधर्माचा प्रश्न सुटत नाही. दोन रात्री मला झोप आली नाही. कुत्र्यासाठी एखाद्या मुलाला धोका पत्करायला लावणे मला पटत नव्हते, आणि मोत्याने गुन्हा केला असेही मला वाटत नव्हते. मग चूक कोणाची होती?

ती चूक माझी होती. झोपलेल्या मोत्याला हात लावायचा नाही, हा नियम आमच्या घराला ठाऊक होता. त्या पाहुण्या पोराला तो सांगायला हवा होता, आणि पाच वर्षांचे मूल सांगून विसरते, म्हणून त्याच्या हाताला सापडेल अशा जागी मोत्याला झोपू द्यायला नको होते. ज्याला आपली चाहूल लागत नाही, त्याच्याजवळ आपली वर्दी देऊन जाणे हे ऐकणाऱ्यांचे कर्तव्य आहे. ते मी दुसऱ्यांवर सोपवून मोकळा झालो होतो. तिसऱ्या दिवशी वहिनींकडे जाऊन मी तसे कबूल केले. ओसरीला जाळीचे दार बसवले. मोत्याच्या गळपट्ट्याला ‘मला ऐकू येत नाही’ अशी पाटी आली, आणि साखळीशिवाय त्याने फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही असे ठरले. वहिनी लगेच निवळल्या असे नाही. वर्षभर त्या आमच्या ओसरीवर चढल्या नाहीत. तेवढी किंमत वाजवी होती.

त्या दोन रात्री मला झोप का आली नाही, याचे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. मला मोत्याऐवजी एक मुलगा दिसत होता.

वीस वर्षांपूर्वी मी कोकणातल्या एका खेड्यात शिकवायला होतो. वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. काळासावळा, अंगापिंडाने किरकोळ. हजेरीला ओ देत नसे. प्रश्न विचारला तर नुसता पाहत राही. फळ्याकडे तोंड करून मी गणित सांगितले की, त्याची वही कोरी. समोर तोंड करून सांगितले तर अर्धीमुर्धी भरलेली. हा फरक मला दिसत होता, पण त्याचा अर्थ लावावा असे कधी वाटले नाही. मी एक अर्थ आधीच लावून ठेवलेला होता: ऐकत नाही. एके दिवशी तीनदा नाव घेऊनही तो उठला नाही, तेव्हा मी बाकापाशी गेलो आणि त्याच्या कानाखाली मारली. तो पडला नाही, रडलाही नाही. कानावर हात ठेवून त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी काय म्हणतो आहे, ते तो ओठांवरून वाचायला पाहत होता. हे मला आज कळते.

दोन महिन्यांनी शाळेत आरोग्य तपासणी झाली. त्याचे दोन्ही कान लहानपणापासून वाहत होते. एकाने अजिबात ऐकू येत नव्हते, आणि दुसऱ्याने थोडेसे. मी मारलेला हात त्या दुसऱ्या कानावर पडला होता. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो घरी गेला, तो परत आला नाही. वडिलांनी त्याला कामाला लावले, असे कळले. त्याचे घर शाळेपासून पाऊण तासाच्या वाटेवर होते. मी गेलो नाही. पुढे माझी बदली झाली. मुलांना मारू नये असे सांगणारा शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यावर शाळेत झालेल्या चर्चेत मी कायद्याच्या बाजूने चांगले भाषण केले, टाळ्याही मिळाल्या. त्या मुलाचा उल्लेख मी केला नाही.

कोणी म्हणेल, कुत्रा आणि माणसाचे मूल एका तराजूत घालता काय? मी त्या दोघांची तुलना करीत नाही. दोन्ही वेळी हात एकच होता, आणि मी त्या हाताबद्दल बोलतो आहे. कुत्र्याच्या बाबतीत मला चूक सुधारता आली, कारण तो रोज शेपूट हलवीत परत येत होता. माणसाचे मूल तसे परत येत नाही आणि येऊही नये.

हा दोष माझ्या एकट्याचा असता, तर लेख लिहायचे कारण नव्हते. १८८० साली इटलीत मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले प्रतिनिधी जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला की, बहिऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवू नये, तोंडाने बोलायलाच शिकवावे. हेतू वाईट नव्हता. मुलांनी चारचौघांसारखे बोलावे, अशीच इच्छा होती. परिणाम असा झाला की, देशोदेशींच्या शाळांतून बहिऱ्या मुलांच्या हातांतली भाषा पिढ्यान्‌पिढ्या हद्दपार झाली. १३० वर्षांनी, २०१० मध्ये, कॅनडात व्हँकूवरला भरलेल्या त्याच मालिकेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत केंद्र सुरू झाले ते २०१५ साली. ज्याला एक रस्ता बंद आहे त्याने त्याच रस्त्याने यावे, आणि ज्याला दोन्ही रस्ते मोकळे आहेत त्याने एक पाऊलही वाकडे करू नये, असा हा न्याय. मला बोट हलवता येते, पण मोत्याला कान उघडता येत नाही. मग पाऊल कोणी उचलायचे, याला फार तत्त्वज्ञान लागत नाही. ज्याला जमते त्याने उचलायचे. पण एवढी साधी गोष्ट समजायला मला पांढऱ्या पिल्लाची गरज लागली, याची लाज वाटते.

मोत्या आता चार वर्षांचा झाला. दर दिवाळीला कोणी ना कोणी म्हणते, “भाग्यवान आहे तुमचा कुत्रा, फटाक्यांचा त्रास नाही.” मलाही पहिल्या वर्षी तसेच वाटले होते. कुत्र्याचा कान माणसाहून तिखट असतो. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर त्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. तेव्हा आळीतल्या बाकीच्या कुत्र्यांवर या चार दिवसांत काय गुदरत असेल, याची कल्पना करावी. त्यातून मोत्या सुटला, असे मी समजत होतो.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो माझ्या पायाशी बसला होता. जागा होता आणि माझ्याकडे पाहत होता. रस्त्यावर मोठा बार झाला आणि मी दचकलो. त्याबरोबर मोत्या ताडकन उठून उभा राहिला, शेपूट आत घेतली आणि थरथरू लागला. दुसरा बार झाला, मी पुन्हा दचकलो, तो आणखी जवळ सरकला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, फटाके त्याच्याही वाट्याला येतात, फक्त ते माझ्या चेहऱ्यावर वाजतात.

मी त्याच्यासमोर खाली बसलो. अंगठा वर केला. त्याने अंगठ्याकडे पाहिले नाही. तो माझे डोळे पाहत होता. खोटी शाबासकी त्याला चालत नाही. मला आधी स्वतः शांत व्हावे लागले, बाहेर बार वाजत असताना एक न दचकणारा चेहरा खरोखरच आणावा लागला. त्याला बराच वेळ लागला. मग मोत्याने हळूहळू अंग सैल सोडले आणि माझ्या पावलावर मान टेकली.

आई दारात उभी राहून पाहत होती. “मोत्या, ये रे बाबा आत,” ती म्हणाली, आणि तिने ओसरीवरचा दिवा दोनदा विझवून लावला.

या दिवाळीनंतर शाळेला सुट्टी आहे. त्या कोकणातल्या गावी जाणारी एस्‌.टी. पहाटे सुटते. तो मुलगा आज तिथे असेल की नाही, असला तर मला ओळखेल की नाही, आणि ओळखून बोलेल की नाही, हे सांगता येत नाही. पण बोलायचे झाले तर त्याच्या समोर जाऊन उभे राहायचे, आणि त्याने नजर दिल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, एवढे मला आता येते.